मोजून दिलेली उपासना

प्रश्न दोन भागांत आहे. पाच वेळची नमाज, ठरलेल्या रकाती (उभं राहणं, वाकणं, डोकं टेकणं अशी नमाजेची एक फेरी म्हणजे रकात), ठरलेले अरबी शब्द, ठरलेला महिना, अडीच टक्के जकात म्हणजे नेमून दिलेलं दान, मक्केतल्या काब्याभोवती सात फेऱ्या. इस्लाममधली उपासना म्हणजे नुसता हिशोब दिसतो, मग त्यात अध्यात्म कुठे आहे? आणि दुसरा भाग : नमाजेत मन लागतच नसेल, तर ती पढण्यात काही अर्थ आहे का?

मी बावीस वर्षं नमाज आणि कुरआन शिकवतोय. निम्मे विद्यार्थी लहान मुलं, निम्मी पन्नाशी उलटलेली मोठी माणसं. दुसरा प्रश्न मोठी माणसंच विचारतात, तोही वर्ग सुटल्यावर, चपला घालता घालता, जरा खालच्या आवाजात. पहिल्याला मी सुरुवातीची काही वर्षं एक ठरावीक उत्तर द्यायचो : विधी म्हणजे टरफल, अध्यात्म म्हणजे आतला दाणा. ऐकायला छान वाटतं. पण या उत्तरामुळे लोक नियमांकडे नीट बघेनासे होतात, हे पुढे लक्षात आलं. आणि सांगायचं ते सगळं नियमांच्या बारकाव्यांतच सांगून ठेवलेलं आहे. तेव्हा इथे बारकावेच सांगतो. मी हनफी या सुन्नी परंपरेच्या पद्धतीने शिकवतो. मालिकी या दुसऱ्या सुन्नी परंपरेत बरेच जण हात मोकळे सोडून उभे राहतात, शियांमध्ये जुहर-असर (दुपार आणि तिसरा प्रहर) आणि मगरिब-इशा (संध्याकाळ आणि रात्र) या नमाजा जोडून पढण्याची मुभा आहे. असे फरक आहेत, पण इथल्या मुद्द्याला त्यांनी बाधा येत नाही.

आधी एक हदीस, म्हणजे प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याची नोंद. प्रेषितांचे सोबती हजरत उमर (र.) सांगतात : आम्ही प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याजवळ बसलो होतो. एक माणूस आला. कपडे पांढरेशुभ्र, केस काळेभोर, अंगावर प्रवासाची एकही खूण नाही आणि तरी आमच्यातला कुणी त्याला ओळखत नव्हता. तो प्रेषितांच्या गुडघ्याला गुडघा भिडवून बसला आणि विचारू लागला. इस्लाम म्हणजे काय? उत्तर मिळालं : साक्ष, नमाज, जकात, रमजानचे रोजे आणि ऐपत असेल तर हज. मग ईमान म्हणजे काय, म्हणजे विश्वास कशाकशावर. आणि मग तिसरा प्रश्न, इहसान म्हणजे काय? "अल्लाहची उपासना अशी कर, जणू तू त्याला पाहतो आहेस, तू त्याला पाहत नसलास, तरी तो तुला पाहतोच आहे." तो माणूस निघून गेल्यावर प्रेषितांनी सांगितलं, ते देवदूत जिब्रील होते, तुम्हाला तुमचा धर्म शिकवायला आले होते.

हात-पाय, पैसा आणि पोट यांची कामं पहिल्या उत्तरात आहेत. ज्याला आपण अध्यात्म म्हणतो ते तिसऱ्यात. पण बैठक एकच आहे. आणि तिसऱ्या उत्तराला दोन पायऱ्या आहेत. वरची, 'जणू तू पाहतो आहेस', ही थोड्यांना आणि थोडा वेळ लाभते. 'तो पाहतो आहे' ही खालची. आमच्यासारख्यांचं सगळं आयुष्य तिथेच जातं, आणि तीही मान्य आहे.

शहादेवर, म्हणजे साक्षीवर, फार लिहीत नाही. एवढंच पाहा की वाक्य नकाराने सुरू होतं. 'ला इलाह', कुणीही उपास्य नाही. आणि मग 'इल्लल्लाह', अल्लाहशिवाय. आधी जागा रिकामी करायची. पैसा, अब्रू, वरिष्ठाची मर्जी, आपलं स्वतःचं मत, यांतलं कोण तिथे ठाण मांडून बसलंय ते ज्याचं त्याने बघावं. आणखी एक गंमत मी मुलांना करून दाखवतो : 'ला इलाह इल्लल्लाह' म्हणताना ओठ एकदाही एकमेकांना लागत नाहीत. शेजारी बसलेल्यालाही पत्ता न लागता ते म्हणता येतं. मुलं आरशासमोर जाऊन खात्री करून घेतात.

आता नमाज. तिच्यावर रेंगाळणार आहे, कारण बाकीच्या गोष्टी वर्षातून किंवा आयुष्यातून एकदा येतात, ही रोज पाच वेळा दारात उभी असते.

सुरुवात पाण्याने. कुरआनने वुजूत, म्हणजे नमाजेआधीच्या धुण्यात, चार गोष्टी सांगितल्या : चेहरा धुणं, कोपरांपर्यंत हात धुणं, डोक्यावर ओला हात फिरवणं, घोट्यांपर्यंत पाय. हदीसमध्ये येतं की वुजूच्या पाण्यासोबत डोळ्यांनी, हातांनी, पायांनी केलेल्या चुका गळून जातात. म्हणून मी शिकवताना नळ बारीक ठेवायला लावतो. पाणी भसाभसा सुटलं की हात उरकतात, मन मागेच राहतं. पाणी नसेल किंवा आजारपणात चालत नसेल, तर स्वच्छ मातीवर हात टेकवून चेहरा आणि हात पुसायचे, तो तयम्मुम. मातीने चेहरा स्वच्छ कसा होणार, असं एका मुलीने मला विचारलं होतं. होत नाहीच. म्हणजे वुजूचा हेतू नुसता मळ काढण्याचा नव्हता, हे तिने माझ्या आधी पकडलं.

वेळा सूर्यावर बांधलेल्या आहेत. पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत फज्र, सूर्य कलल्यावर जुहर, सावल्या लांबल्यावर असर, मावळल्यावर मगरिब, संधिप्रकाश विरल्यावर इशा. पण नेमकं सूर्य उगवताना, डोक्यावर असताना आणि मावळताना नमाज पढायची नाही, असा नियम आहे. ज्याच्याकडे बघून वेळ ठरवायची, त्याच्यापुढे डोकं झुकतंय असं चुकूनही वाटू नये. सूर्याला घड्याळ केलं आणि घड्याळाच्या जागीच ठेवलं.

फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकाती दोन, चार, चार, तीन, चार, अशा दिवसाच्या सतरा. प्रत्येक रकातीत सूरह फातिहा, कुरआनचा पहिला अध्याय. तिच्या आयती, म्हणजे वचनं, फक्त सात, पण एका हदीस-ए-कुदसीत, म्हणजे ज्या हदीसमध्ये प्रेषित अल्लाहचं म्हणणं सांगतात तीत, असं आहे की मी नमाज माझ्यात आणि माझ्या बंद्यात निम्मी-निम्मी वाटली आहे. बंदा 'अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन' म्हणतो, तेव्हा अल्लाह म्हणतो, माझ्या बंद्याने माझी स्तुती केली. 'अर्रहमानिर्रहीम' म्हटलं की, माझ्या बंद्याने माझे गुण गायले. 'मालिकि यौमिद्दीन' म्हटलं की, त्याने माझी थोरवी सांगितली. मधल्या आयतीवर, 'आम्ही तुझीच उपासना करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो', उत्तर येतं : हे माझ्यात आणि माझ्या बंद्यात आहे. आणि शेवटी सरळ वाट मागितली की, माझ्या बंद्याने जे मागितलं ते त्याचं.

ही हदीस कळण्याआधी मी फातिहा एका दमात संपवायचो. उत्तर येणार आहे हे माहीत असलेला माणूस बोलताना जागोजाग थांबतो. प्रेषितांचं पठणही एकेक आयत तोडून असायचं. आणि त्या मधल्या आयतीतला 'आम्ही' बघा. खोलीत एकटा उभा असलेला माणूसही 'मी तुझी उपासना करतो' असं म्हणत नाही. बंद दाराआडही तो रांगेतच उभा असतो.

मग रुकू, कमरेतून वाकणं, आणि त्यानंतर सजदा, कपाळ जमिनीला टेकणं. रुकूत म्हणायचं 'सुब्हान रब्बियल अजीम', माझा महान पालनकर्ता पवित्र आहे. सजद्यात शब्द बदलतो : 'सुब्हान रब्बियल आला', माझा सर्वोच्च पालनकर्ता. 'सर्वोच्च' हा शब्द त्या क्षणासाठी राखून ठेवलाय, जेव्हा आपलं डोकं पायांच्या पातळीला आलेलं असतं. कपाळ नाकासकट, दोन तळवे, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटं, अशा सात जागा जमिनीला टेकतात. कुरआनमध्ये एके ठिकाणी दोनच शब्दांची आज्ञा येते, सजदा कर आणि जवळ ये. बंदा आपल्या पालनकर्त्याच्या सर्वांत जवळ सजद्यात असतो, तेव्हा तिथे भरपूर दुआ मागा, असं प्रेषितांनी सांगितलं. माझ्या मते नमाजेचा कळस हाच आहे, आणि लोक सर्वांत जास्त घाई इथेच करतात. कोंबडीने दाणे टिपावेत तसा सजदा करू नका, हे हदीसमध्येच आहे. हा शब्द वापरला की पोरं खिदळतात आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांना पकडतात.

माझ्याकडे एक गृहस्थ शिकायला येत. वय साठीपुढचं, नमाज पहिल्यांदाच शिकत होते आणि गुडघे गेलेले. खुर्चीवर बसून पढायचे. पहिल्या दिवशी सजद्याच्या जागी नुसतं पुढे झुकले आणि तसेच थांबून राहिले. नंतर म्हणाले, "इतकी वर्षं टेकवलं नाही, आता टेकवायचं म्हटलं तर टेकत नाही." मी त्यांना आजारी सोबती इम्रान बिन हुसैन यांना प्रेषितांकडून मिळालेलं उत्तर सांगितलं : उभा राहून पढ, जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून. आजारी माणसाची बसून पढलेली नमाज ही अर्धी नमाज नाही. प्रवासात चार रकातींच्या दोन होतात. मासिक पाळीच्या दिवसांत नमाज माफ, आणि ती नंतर भरूनही काढायची नाही. रोजे मात्र नंतर ठेवायचे. नियम कडक आहेत असं म्हणणारे या सवलती वाचत नाहीत. सवलतसुद्धा नियमच आहे. ऐपतीबाहेर ओझं घ्यायचा हट्ट ही भक्ती नव्हे, बऱ्याचदा ती मिजास असते.

रोजे हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ.स. ६२४ च्या सुमारास फर्ज झाले. कारण कुरआननेच दिलंय : तुमच्यात तकवा यावा म्हणून. तकवा म्हणजे अल्लाहचं भान ठेवून जपून वागणं. काटेरी वाटेवरून माणूस कपडे सावरत चालतो तसं, ही जुनी उपमा मला अजून पटते. पहाटेच्या काळ्या धाग्यापासून पांढरा धागा वेगळा दिसू लागेपर्यंत खा-प्या, असं त्या आयतींत येतं. प्रेषितांचे सोबती अदी बिन हातिम यांनी खरोखरीचे दोन दोरे, एक काळा, एक पांढरा, उशीखाली ठेवले आणि रात्रभर काढून काढून बघत राहिले. सकाळी प्रेषितांना सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, मग तुझी उशी फारच लांबरुंद दिसते! आयतीत म्हटलंय ते रात्रीचं काळेपण आणि दिवसाचं उजळपण. मला ही हदीस फार आवडते. धर्म शिकणारा माणूस चुकला, आणि समोरून आधी थट्टा आली, मग अर्थ.

उपवासाची खरी गोम अशी की तो दिसत नाही. नमाज दिसते, जकात घेणाऱ्याला कळते, हजला जाणारा सगळ्यांना ठाऊक असतो. रोजा मोडलाय का, हे बंद दाराआड पाण्याचा ग्लास हातात असलेल्या माणसालाच माहीत. म्हणूनच हदीस-ए-कुदसीत येतं, रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचा मोबदला मीच देईन. इहसानची ती खालची पायरी, 'तो पाहतो आहे', दिवसभर तहानेच्या रूपाने अंगावर वागवायची. विसरून काही खाल्लं-प्यालं तर रोजा मोडत नाही, अल्लाहनेच त्याला खाऊ-पिऊ घातलं, असं प्रेषित म्हणाले. उलट जो खोटं बोलणं आणि खोटं वागणं सोडत नाही, त्याने खाणंपिणं सोडावं याची अल्लाहला गरज नाही, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे विसरलेला घोट चालतो, जाणूनबुजून केलेली चहाडी खटकते. इमाम गजाली (मृत्यू इ.स. ११११) यांनी रोज्याचे तीन थर लावले : पोटाचा, मग डोळे-कान-जिभेचा, आणि त्यापुढे मनाचा, ज्यात अल्लाहखेरीज दुसऱ्या कशात गुंतणंही नको. मी स्वतः दुसऱ्या थरावरच घसरतो, साधारण असरनंतर, चिडचिड सुरू झाली की.

आणि हा महिना ऋतूला बांधलेला नाही. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळं ऋतुचक्र फिरून येतो. कडक उन्हाळ्याचे लांब रोजे आणि हिवाळ्याचे आखूड, दोन्ही प्रत्येकाच्या वाट्याला येतात. सोयीचा मोसम कायमचा कुणालाच मिळत नाही.

जकातीबद्दल लोक अडीच टक्क्यांवर थांबतात. शब्दाच्या धातूतच शुद्ध होणं आणि वाढणं असे दोन्ही अर्थ आहेत. सुमारे ८५ ग्रॅम सोन्याच्या किमतीइतकी किंवा त्याहून जास्त शिल्लक चांद्रवर्षभर राहिली, तर चाळिसावा हिस्सा द्यायचा. चांदीचा निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, वेगळा. पण शेतीचा नियम बघा. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, आणि मेहनतीने पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा. जिथे माणसाचा घाम जास्त, तिथे देणं निम्मं. पाऊस पडला त्यात तुझं काय होतं, असा प्रश्न त्या दहाव्या हिश्श्यात दडलेला आहे. कुणाला द्यायची हेही देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही. कुरआनने आठ प्रकार सांगितले. त्यांत कर्जात बुडालेला आहे आणि वाटसरूही आहे. घरी श्रीमंत असलेला माणूस परमुलखात अडकला, तर त्यालाही जकात चालते. मात्र आईवडिलांना आणि स्वतःच्या मुलांना देता येत नाही, कारण त्यांना पोसणं हे कर्तव्य आहे, त्यावर दानाची पाटी लावता येत नाही. देऊन झाल्यावर उपकार बोलून दाखवले तर दान वाया गेलं, हेही कुरआनमध्ये स्पष्ट आहे. माझ्या अनुभवात ही अट अडीच टक्क्यांपेक्षा जड जाते.

हज आयुष्यात एकदा, तेही ऐपत असेल तर. पुरुषांना दोन न शिवलेल्या चादरी, अत्तर नाही, नखं काढायची नाहीत, शिकार नाही, भांडण नाही. काब्याला डाव्या हाताला ठेवून सात फेऱ्या. काळ्या दगडाचं चुंबन घेताना हजरत उमर त्या दगडालाच म्हणाले होते, मला माहीत आहे तू दगड आहेस, ना कुणाचं भलं करू शकतोस ना बुरं. प्रेषितांना तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं, तर मीही घेतलं नसतं. मग सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात खेपा. तहानेल्या बाळासाठी पाणी शोधत धावलेल्या हाजरांची, प्रेषित इब्राहीम यांच्या पत्नीची, ती धाव. पाणी आलं ते ना सफावर ना मरवावर. आलं बाळाजवळ, जिथून त्या निघाल्या होत्या. तरी लाखो लोक आजही त्या धावेचीच उजळणी करतात, पाणी पिण्याची नव्हे. प्रयत्नाला इतका मान दिलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. आणि हजचा गाभा अरफात. जिलहिज्ज या हजच्या महिन्याच्या ९ तारखेला दुपारपासून सूर्यास्तापर्यंत त्या मैदानात हजर राहायचं. फेरी नाही, धाव नाही, खडे मारणं नाही. मोजून दिलेल्या उपासनेतला हा न मोजलेला भाग : उभं राहा आणि मागा. कुर्बानीबद्दलही आयत थेट आहे : त्यांचं मांस अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, रक्तही नाही, पोहोचतो तो तुमचा तकवा.

या सगळ्याला एक कडक चाळणी कुरआननेच लावली आहे. किब्ला, म्हणजे नमाजेत तोंड करायची दिशा, जेरुसलेमकडून काब्याकडे बदलला, त्यावरून वाद झाले, तेव्हा आयत आली की तुम्ही तोंड पूर्वेला केलं की पश्चिमेला, यात पुण्याई नाही. श्रद्धेसोबत जिवाला प्रिय असलेला पैसा नातलगांना, अनाथांना, गरिबांना देणं, दिलेला शब्द पाळणं, संकटात धीर धरणं, ही पुण्याई. आणि सूरह माऊनमध्ये तर धिक्कार नमाज पढणाऱ्यांचाच आहे : जे नमाजेबाबत गाफील आहेत, दिखावा करतात आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूही देत नाहीत.

आता चपला घालता घालता विचारलेला प्रश्न. मन लागत नाही. नमाजेत किल्ली कुठे ठेवली ते आठवतं, उद्याचं काम आठवतं, तिसरी रकात की चौथी तेच कळेनासं होतं. यावर मी आधी सजदा-ए-सहव शिकवतो. नमाजेत विसर पडला तर शेवटी दोन जादा सजदे करायचे. खुद्द प्रेषितांनी एकदा चार रकातींच्या नमाजेत दोनवरच सलाम फेरला, म्हणजे नमाज संपवली होती. जुलयदैन नावाच्या सोबत्याने विचारलं, नमाज कमी झाली की आपण विसरलात? त्यांनी इतरांना विचारून खात्री केली, उरलेल्या रकाती पुऱ्या केल्या आणि दोन सजदे केले. मन भटकणार हे धरूनच नियम केलेला आहे.

दुसरी एक हदीस. एक माणूस मशिदीत आला, भराभर नमाज पढला आणि प्रेषितांना सलाम केला. ते म्हणाले, परत जा आणि नमाज पढ, तू पढलाच नाहीस. असं तीनदा झालं. शेवटी तो म्हणाला, मला याहून चांगलं येत नाही, आपणच शिकवा. तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्यात मनाचा उल्लेख नाही. तकबीर, म्हणजे 'अल्लाहु अकबर', म्हण, कुरआनमधलं जे सोपं जाईल ते पढ, मग रुकूत शांत होईपर्यंत वाक, मग सरळ उभा होईपर्यंत ऊठ, मग सजद्यात शांत होईपर्यंत राहा, मग बसल्यावर शांत होईपर्यंत बस. सगळं सांध्यांबद्दल.

तेव्हा तुम्हीही मनाच्या मागे धावू नका. येत्या मगरिबच्या तीन रकातींत एकच करा : रुकूतून उठल्यावर लगेच सजद्यात जाऊ नका. पाठ सरळ होऊ द्या, हात सुटे पडू द्या, 'रब्बना लकल हम्द' पूर्ण होऊ द्या, मग खाली जा. आठवडाभर एवढंच. फातिहाचं पुढच्या आठवड्यात बघू.